गेमिंग आणि ग्राफिक्सचा पीसी आठ वर्षं चालवायचा असेल तर

"बजेट इतकं आहे, कार्ड कुठलं घेऊ?" बहुतेक बिल्डची सुरुवात या प्रश्नाने होते. ग्राफिक कार्ड ठरतं, मग उरलेल्या पैशात प्रोसेसर, मग रॅम आणि शेवटी दुकानदार म्हणेल तो एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. दोन वर्षं चालवून विकायचं असेल तर यात काही बिघडत नाही. आठ वर्षं ठेवायचं असेल तर हा क्रम जवळजवळ उलटा करावा लागतो.

कारण सगळे भाग एका वेगाने जुने होत नाहीत. चांगलं कॅबिनेट, चांगला एसएमपीएस आणि धातूचा एअर कूलर आठ-दहा वर्षं आरामात जातात. मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड), प्रोसेसर आणि रॅम हे त्रिकूट पाच ते सात वर्षं कामाचं राहतं. ग्राफिक कार्ड मात्र तीन-चार वर्षांत मागे पडायला लागतं, आणि बजेटमधला सर्वात मोठा वाटा, साधारण ३५ ते ४० टक्के, त्याचाच असतो. म्हणजे आठ वर्षांत कार्ड एकदा तरी बदलणारच. ते बदलताना फक्त मागचे दोन स्क्रू काढावे लागले तर बिल्ड नीट जमला. नवं कार्ड लांबीला बसत नाही म्हणून कॅबिनेट, वॉट पुरत नाहीत म्हणून एसएमपीएस आणि प्रोसेसर अडवतोय म्हणून बोर्ड, अशी रांग लागली तर पहिल्या दिवशी वाचवलेले पैसे तिथे दामदुपटीने जातात.

आधी भिंतीतला सॉकेट

कॉम्प्युटर जिथे ठेवणार त्या पॉइंटला मल्टिमीटर लावून तीन रीडिंग घ्या. सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट, फार तर पाच. फेज-अर्थचं रीडिंग बरंच कमी आलं किंवा आकडा नाचत राहिला, तर त्या पॉइंटला अर्थिंग नावालाच आहे. जुन्या चाळी, वाडे आणि दोन-तीनदा वायरिंग जोडत नेलेल्या फ्लॅटमध्ये हे सर्रास आढळतं.

अर्थिंग नसलं की पहिलं लक्षण म्हणजे अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला तर मुंग्या येतात. लोक कॅबिनेट किंवा एसएमपीएस खराब आहे म्हणून दुकानात घेऊन जातात, तिथे सगळं ठीक चालतं, आणि घरी आणलं की पुन्हा मुंग्या. यात दोष कुणाचाच नसतो. एसएमपीएसच्या आत विजेतला व्यत्यय गाळणाऱ्या फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसली की पत्रा त्या दोघांच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, माणसाला फारसं काही होत नाही. पण अशा अवस्थेत चालू कॉम्प्युटरला टीव्हीची एचडीएमआय वायर लावली तर ठिणगी पडून पोर्ट जायला वेळ लागत नाही. तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा अडॅप्टर लावणं म्हणजे हीच अवस्था स्वतःच्या हाताने तयार करणं.

स्टॅबिलायझरची गरज बहुतेकांना नसते. एसएमपीएसच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर व्होल्टेज १८०वर आलं तरी तो ओढून नेतो. लागतो तो यूपीएस, आणि तिथे व्हीए आणि वॉट यांची गल्लत होते. साधा १००० व्हीएचा यूपीएस ६०० वॉटच देतो. ३०० वॉटचं कार्ड, ९० वॉट घेणारा प्रोसेसर, बाकी बोर्ड-पंखे-एसएसडीचे ६० आणि मॉनिटरचे ४० धरले की गेम चालू असताना भिंतीतून साडेपाचशेच्या आसपास ओढ होते. त्यात कार्डाने क्षणभर उसळी घेतली की सहाशेची मर्यादा ओलांडली जाते, म्हणून लाइट गेल्या क्षणी तो यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी वाजवून बंद पडतो, आणि मग "यूपीएस असूनही पीसी बंद होतो" अशी तक्रार येते. इथे ९०० वॉटच्या आसपासचा घ्या, शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा. घरचा इन्व्हर्टर वापरायचा असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर हवा. नॉर्मल मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो, आणि चांगला एसएमपीएससुद्धा विजेशिवाय १६ मिलिसेकंदांच्या आसपासच तग धरतो.

वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवा. इंटरनेट अजून गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या लॅन केबलने येत असेल तर तीही काढा. पॉवरचा प्लग काढला पण केबल तशीच राहिली म्हणून बोर्डाचा लॅन पोर्ट गेलेले कॉम्प्युटर दर जूनमध्ये दुरुस्तीला येतात. फायबर थेट घरातल्या राउटरपर्यंत येत असेल तर त्या वाटेने हा धोका येत नाही.

एसएमपीएस

८० प्लस गोल्ड हा शिक्का किती वीज उष्णतेत वाया जाते ते सांगतो. आतले भाग किती टिकाऊ, शॉर्ट झालं तर संरक्षण किती चोख, हे तो सांगत नाही. त्यापेक्षा वॉरंटीची वर्षं बघा. सात किंवा दहा वर्षांची लेखी वॉरंटी देणारा मेकर आत १०५ अंशांचे कपॅसिटर घालतो, कारण बदलून देणं त्याला परवडत नाही. कपॅसिटरचा ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी कमी राहिलं तर आयुष्य दुप्पट होतं. म्हणूनच ५५० वॉटच्या ओढीला ५५० वॉटचा एसएमपीएस कायम तापलेला राहतो, आणि ८५०चा निवांत चालतो.

आज ८५० वॉट, एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं प्रमाण), फुल मॉड्युलर (सगळ्या वायरी सुट्या करता येणारा) हा पर्याय मला सर्वांत शहाणा वाटतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय ३०० वॉटचं कार्ड आहे आणि त्याला ७५० वॉटची शिफारस आहे. वरचे शंभर वॉट पुढच्या कार्डासाठी. शिवाय कार्डं क्षणभर स्वतःच्या मर्यादेच्या कितीतरी वर उसळी घेतात. एटीएक्स ३.० पासूनच्या प्रमाणात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलला पाहिजे अशी अट आहे. गेम खेळता खेळता पीसी कडक्कन बंद होतो आणि लगेच पुन्हा चालू होतो, तापमान मात्र नॉर्मल, हे दुखणं बहुतेक वेळा या उसळीचं असतं.

सोळा पिनची पॉवर वायर वितळल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मुख्य कारण साधं: प्लग पूर्ण आत गेलेला नसतो. मग थोड्याच पिनांवर सगळा करंट येतो आणि त्या तापतात. नव्या १२व्ही-२x६ प्रकारात सेन्सच्या (प्लग बसल्याचं कार्डाला कळवणाऱ्या) पिना आखूड केल्यात, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाला वीज मिळूच नये. तरीही खटका ऐकू येईपर्यंत दाबा, नखाने फट चाचपून बघा, आणि प्लगपासून पहिले साडेतीन सेंटीमीटर वायर सरळ ठेवून मगच वळवा. बाजूच्या काचेला वायर टेकत असेल तर ते कॅबिनेट त्या कार्डासाठी अरुंद आहे. कार्डाला आठ पिनचे दोन सॉकेट असतील तर एकाच वायरची दोन तोंडं न वापरता दोन वेगळ्या वायरी टाका. एका आठ पिनच्या सॉकेटची मर्यादा १५० वॉट आहे.

कॅबिनेट आणि आपल्याकडची हवा

समोर जाळी हवी, काच नको. समोर दोन-तीन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली की फटींतून धूळ शिरत नाही, ती फिल्टरवरच अडते.

परदेशी रिव्ह्यूमधले तापमानाचे आकडे २१-२२ अंशांच्या खोलीतले असतात. खोली १५ अंशांनी गरम असेल तर आतलं सगळं साधारण तेवढंच वर सरकतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असताना बिनएसीच्या खोलीत ३७-३८ सहज असतं. रिव्ह्यूत ६८ अंशांवर चाललेलं कार्ड तिथे ८३वर जाणार आणि पंखे किंचाळणार. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात पंख्यांची संख्या आणि जाळी यात काटकसर करू नका, आणि पीसी टेबलाच्या बंद कप्प्यात तर अजिबात कोंबू नका.

कोकणात आणि गोव्यात शत्रू वेगळा आहे. खारी, दमट हवा. चालू कॉम्प्युटर स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो, गंजतो तो बंद ठेवलेला. पावसाळ्यात काम नसलं तरी दोन-तीन दिवसांतून तासभर चालवा. खिडकीखाली ठेवू नका. आणि मागच्या रिकाम्या स्लॉटच्या लोखंडी पट्ट्या काढून टाकू नका. उबेला पाल आत शिरते, आणि ती नेमकी कार्डाच्या मागच्या बाजूवर जाऊन शॉर्ट करते. हसण्यासारखं वाटतं, पण दुरुस्ती करणाऱ्या कुणालाही विचारा.

कॅबिनेटच्या स्पेकमध्ये कार्डाची लांबी वाचताना एक वजाबाकी करा. समोर लिक्विड कूलरचा रेडिएटर लावला तर २७ मिलिमीटर रेडिएटरचे आणि २५ पंख्याचे मिळून ५२ कमी होतात. ३८० लिहिलेलं कॅबिनेट ३२८चं होतं, आणि तीन पंख्यांची कित्येक कार्डं ३३०च्या आसपास असतात.

सॉकेट निवडा, प्रोसेसर नंतर

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा. एएमडीच्या एएम४ सॉकेटने एक गोष्ट सिद्ध केली. २०१७ साली घेतलेल्या अनेक बी३५० बोर्डांवर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसला. रॅम तीच, बोर्ड तोच, आणि गेमिंगमध्ये पिढ्यांची उडी. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत आणि पुढेही तो चालू ठेवू असं एएमडीने सांगितलंय. इंटेलचा एलजीए१७०० सॉकेट बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालला आणि संपला. टिकाऊपणा हाच निकष असेल तर माझं मत एएम५ला.

सेकंडहँड बाजारात तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे इंटेल प्रोसेसर स्वस्तात दिसतात. त्यांच्यात जास्त व्होल्टेजमुळे कायमची झीज होण्याचा दोष निघाला होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून येणारे मायक्रोकोड अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण अपडेट पुढची झीज थांबवतं, झालेली भरून काढत नाही. आधीच्या मालकाने बायोस कधी अपडेट केला हे कळायला मार्ग नाही, म्हणून टाळलेलं बरं.

बोर्डाला बी६५० किंवा बी८५० चिपसेट पुरतो. बघायच्या गोष्टी तीन. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डाच्या भागावर) खराखुरा हीटसिंक आहे का, कारण तीन वर्षांनी तुम्ही तिथे सोळा कोअरचा प्रोसेसर बसवू शकता. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का, कारण पुढच्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बायोसवर बूटच होत नाही, आणि हे बटण असेल तर प्रोसेसर न बसवता एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून अपडेट करता येतं. तिसरी गोष्ट मॅन्युअलच्या बारीक अक्षरांत असते: काही बोर्डांवर एखाद्या ठरावीक एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावली की कार्डाचा सोळा लेनचा (डेटाच्या वाटांचा) स्लॉट आठवर येतो, किंवा हार्ड डिस्क लावायचे दोन साटा पोर्ट बंद पडतात. चौथी एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क "गायब" होते ती यामुळे.

एएम५मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटात आहेत. वाकल्या तर वॉरंटी सहसा हात वर करते. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा. बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर ते लागतं.

आता प्रोसेसर. मुख्यतः गेम असतील तर मोठ्या कॅशचे (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचे) एक्स३डी प्रकारचे, जसा ९८००एक्स३डी. गेम आणि फोटोशॉप-इलस्ट्रेटर अर्धं-अर्धं असेल तर आठ कोअरचा ९७००एक्स. तो ६५ वॉटचा म्हटला जातो, प्रत्यक्षात ८८ पर्यंत घेतो, तरीही साध्या एअर कूलरवर थंड राहतो. फोटोशॉपला कोअरची संख्या नाही, एकेका कोअरचा वेग लागतो. सोळा कोअर त्यांनी घ्यावेत ज्यांचा रेंडर प्रोसेसरवर होतो किंवा ज्यांना दिवसभर व्हिडिओ एन्कोड करायचेत. कॅमेरा ४:२:२ दहा बिटचं (जास्त रंगमाहिती साठवणारं) फुटेज देत असेल तर एक खबरदारी: ते हार्डवेअरवर उलगडायची सोय इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सला बऱ्याच काळापासून आहे, एनव्हिडियाला ती आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. जुन्या मालिकेचं कार्ड घेतलं तर टाइमलाइन अडखळते आणि दोष प्रोसेसरवर जातो.

कूलरबद्दल थोडक्यात. दोन टॉवरचा एअर कूलर घ्या. त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा असतो आणि तो कुठेही मिळतो. लिक्विड कूलरमध्ये पंप असतो, शिवाय नळीतून द्रव अतिशय हळू पण सतत उडत राहतो. पाच-सहा वर्षांनी तो बदलायचा हे आधीच धरून चाला. उंची मोजा: थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिलिमीटर आहे, नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५.

रॅम: दोनच काड्या

बोर्डावर चार स्लॉट दिसतात म्हणून आत्ता दोन आणि नंतर दोन, हा डीडीआर३-डीडीआर४च्या जमान्यातला हिशोब डीडीआर५ला लागू होत नाही. एएम५वर चार काड्या लावल्या की अधिकृत वेग ३६००वर येतो. दोन काड्यांवर ६००० सहज चालतं. म्हणून जितकी रॅम शेवटी लागणार तितकी पहिल्याच दिवशी दोन काड्यांत घ्या आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटात लावा.

किती लागते? लग्नाच्या अल्बमची १२ बाय ३६ इंचांची शीट घ्या. ३०० डीपीआयला ती ३६०० बाय १०८०० पिक्सेल, म्हणजे जवळपास ३.९ कोटी पिक्सेल. आठ बिट आरजीबीमध्ये काठोकाठ भरलेला एक लेयर सुमारे ११७ एमबी, सोळा बिटमध्ये दुप्पट. वीस लेयर, वर अंडू करण्यासाठी हिस्ट्री, आणि अशा दोन-तीन शीट एकदम उघड्या. १६ जीबी इथेच संपते आणि फोटोशॉप एसएसडीवर स्क्रॅच (तात्पुरत्या फाइली) लिहायला लागतं. फक्त गेम आणि हलकं डिझाइन असेल तर ३२, अल्बम-पोस्टर-थ्रीडी असेल तर ३२च्या दोन काड्या मिळून ६४. २०२५च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी ओढून घेतल्याने रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे ६४ला हात आखडतो हे मान्य. तरी १६च्या दोन घेऊन पुढे आणखी दोन लावू, हा मधला मार्ग समजू नका. त्यापेक्षा ३२वर भागवा आणि भाव उतरल्यावर ती जोडी विकून मोठी घ्या.

पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ची मेमरी ट्रेनिंग होते, म्हणजे बोर्ड रॅमशी वेग जुळवून घेतो. स्क्रीन काळी, पंखे फिरताहेत, असं कित्येक मिनिटं चालू शकतं. घाबरून बटण दाबून बंद केलं तर ते पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं थांबा, चहा घ्या. मग बायोसमध्ये एक्सपो (रॅमला तिच्या खोक्यावरच्या वेगाला नेणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वरच चालत राहते आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

ग्राफिक कार्ड: आधी मेमरी बघा

२०२०चं आरटीएक्स ३०७० आणि २०२१चं आरटीएक्स ३०६०. चिप म्हणून ३०७० कितीतरी वेगवान, पण त्यावर ८ जीबी मेमरी आणि धाकट्यावर १२. आज जड टेक्स्चरच्या गेममध्ये आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या मोठ्या सीनमध्ये ३०७०ची ताकद शिल्लक असते, जागा नसते. उलट २०१७चं जीटीएक्स १०८० टीआय ११ जीबीमुळे वर्षानुवर्षं रेटत राहिलं.

ग्राफिक्सच्या कामात मेमरी गेमपेक्षा भराभर का संपते, ते आकड्यातच बघू. ४०९६ बाय ४०९६चं एक टेक्स्चर, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, झाले ६४ एमबी. एका मटेरियलला रंग, खडबडीतपणा, नॉर्मल आणि उंची असे चार नकाशे लावले की अडीचशे एमबीच्या घरात. तीस मटेरियलमध्ये ८ जीबी भरलं, अजून मॉडेलची जाळी आणि विंडोजचा वाटा धरलाच नाही. गेममध्ये तेच टेक्स्चर दाबून, पिक्सेलला एक बाइट किंवा त्याहून कमी, असं ठेवलेलं असतं. म्हणून तेवढ्याच मेमरीत गेमचं अख्खं शहर बसतं आणि तुमचा एक दिवाणखाना बसत नाही. मेमरी ओसंडली की ब्लेंडर सिस्टिमच्या रॅमकडे वळतो आणि रेंडरचा वेग कोसळतो, किंवा सरळ "आउट ऑफ मेमरी" येतं.

म्हणून आज टिकाऊ बिल्डला १६ जीबी हीच खालची रेघ. बजेट कमी असेल तर आरटीएक्स ५०६० टीआयचं १६ जीबीचं मॉडेल, जास्त असेल तर ५०७० टीआय. नावातला फरक जपून वाचा. ५०६० टीआय ८ जीबीतही येतं आणि खोका जवळजवळ तसाच असतो. १२ जीबीचं ५०७० चिप म्हणून चांगलं, पण आठ वर्षांच्या हिशोबात मला ते अडनिडं वाटतं. फक्त गेम खेळायचे असतील तर एएमडीचं १६ जीबीचं आरएक्स ९०७० एक्सटी बघाच. ब्लेंडर एएमडीवर चालतो, मात्र एनव्हिडियाचं ऑप्टिक्स हे रेंडरचं तंत्र अजून पुढे आहे, आणि कित्येक प्लगइन फक्त एनव्हिडियाचंच कुडा मागतात. ज्यांची रोजीरोटी रेंडरवर आहे त्यांनी इथे प्रयोग करू नयेत.

जुन्या बोर्डात नवं कार्ड घालणाऱ्यांसाठी: ५०६० टीआय आठच लेन वापरतं. पीसीआयई ३.० (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) असलेल्या बोर्डावर त्या आठ लेन तोकड्या पडतात, आणि मेमरी भरल्यावर तर फारच जाणवतं.

जड कार्ड वर्षानुवर्षं आडवं लोंबत राहिलं की स्लॉटच्या खटक्याजवळ त्याच्या पट्टीला चीर जाते. खाली टेकू लावा. आणि गाव बदलताना कार्ड काढून त्याच्या खोक्यात घालून हातात न्या. टेम्पोत कार्डासकट ठेवलेला पीसी दर खड्ड्याला तोच सांधा हलवत असतो.

एसएसडी आणि मॉनिटर, लवकर उरकतो

टीएलसी प्रकारची १ टीबी एसएसडी साधारण ६०० टीबीडब्ल्यूची, म्हणजे एकूण ६०० टीबी लिहिता येण्याइतकी असते. रोज ५० जीबी लिहिलं तरी वर्षाला १८ टीबीच, म्हणजे लिहून लिहून ती संपणार नाही. मरते ती अचानक, कंट्रोलर जाऊन. त्यामुळे दुसऱ्या डिस्कवर कॉपी हाच इलाज. क्यूएलसी प्रकार गेम साठवायला चालेल, कामाच्या फाइलींना नको. आतली वेगवान कॅश भरली की लिहिण्याचा वेग जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. बोर्डाच्या एम.२ हीटसिंकखालच्या पॅडवर पारदर्शक प्लास्टिक असतं, ते सोला. न सोलता बसवलेल्या एसएसडी इतक्या सापडतात की तो पहिला तपास करावा.

मॉनिटर २७ इंच १४४० रेझोल्यूशनचा आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी रंगपट्टा शंभर टक्के. ओएलईडी गेमला देखणा, पण फोटोशॉपचे टूलबार रोज आठ तास एकाच जागी उभे राहिले तर त्यांची छाप पडते. वायर कार्डाच्या पोर्टला लावा, बोर्डाच्या नव्हे. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट वाढवा, तो बऱ्याचदा ६०वरच अडकलेला असतो.

काउंटरवर आणि पहिल्या आठवड्यात

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला आहे की ट्रे पीस (खोक्याविना सुटा), हे आधी विचारा. ट्रे पीसला कंपनीची खोक्यावाली वॉरंटी नसते, मग जबाबदारी दुकानाची आणि दुकान राहील तोवर. कार्डाच्या खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव आणि एमआरपीचं लेबल नसेल तर इथे वॉरंटी मिळेलच असं धरू नका. खोके उघडताना सलग व्हिडिओ काढा.

जोडणी झाली की बदलीची मुदत संपायच्या आत यंत्राला पिळून घ्या. एक रात्र रॅम तपासणारं मेमटेस्ट, चार फेऱ्या, एकही एरर चालत नाही. एरर आली तर आधी एक्सपो बंद करून पुन्हा, तरीही आली तर काडी परत. मग ब्लेंडरचा अर्धा तास रेंडर आणि त्याच वेळी एचडब्ल्यूइन्फोवर तापमान. कार्डाची पॉवर लिमिट दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवून बघा. कामगिरी किंचित घटते, उष्णता आणि पंख्यांचा आवाज मात्र चांगलाच कमी होतो, आणि उन्हाळ्यात तो सौदा फायद्याचा आहे.

दर तीन महिन्यांनी फिल्टर झटका. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर पंखा सुसाट फिरून त्याचं बेअरिंग जातं.

शेवटचं काम जोडणीच्याच दिवशी करायचं. मॉड्युलर एसएमपीएसच्या उरलेल्या वायरी एका पिशवीत भरा आणि पिशवीवर मार्करने एसएमपीएसचं पूर्ण मॉडेल लिहा. या वायरींचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र काही प्रमाण नाही. एका ब्रँडची साटा पॉवर वायर दुसऱ्यात नीट बसते, खटकाही लागतो, आणि चालू करताक्षणी पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन सगळ्या डिस्क एकदम जळतात. सहा वर्षांनी एसएमपीएस बदलाल तेव्हा जुन्या वायरी आतच ठेवून फक्त डबा बदलायचा मोह होईल. त्या पिशवीसकट सगळ्या वायरी काढून टाका.